मोठ्या काडतुसासाठी साधने निवडताना सुरुवात केसपासून करावी

अमेरिकेत रायफल नेमबाजीचा छंद असलेली बरीच माणसे आपली काडतुसे स्वतः भरतात. एकदा उडवलेल्या काडतुसाची पितळी केस गोळा करायची, ती पुन्हा मापात आणायची आणि तिच्यात नवे प्रायमर (ठोका बसताच पावडर पेटवणारी छोटी टोपी), तोलून घेतलेली पावडर व नवी गोळी बसवायची, असे या कामाचे स्वरूप आहे. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला तिथल्या संघराज्याच्या कायद्याने परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरायची असतील तर मात्र लागतो. राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते आधी पाहून घेणे आवश्यक आहे, कारण कॅलिफोर्नियासारख्या राज्यात २००५ पासून .५० बीएमजी या मुळात मशीनगनसाठी बनलेल्या अतिमोठ्या काडतुसाची रायफल नव्याने विकत घेताच येत नाही. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पुढचे विवेचन अमेरिकेत कायदेशीरपणे रायफल बाळगणाऱ्या मराठी वाचकांना समोर ठेवून केले आहे. भारतातल्या वाचकांनी ते केवळ एक तंत्र समजून घेण्यासाठी वाचावे.

साधारण माणूस या छंदाची सुरुवात .३०८ विंचेस्टरसारख्या मध्यम काडतुसापासून करतो, त्यासाठी एखादा तयार संच घेतो आणि काही वर्षांनी .३३८ लापुआ मॅग्नम, .४१६ रिग्बी, .४५८ लॉट किंवा थेट .५० बीएमजीची रायफल त्याच्या घरात येते. त्या वेळी त्याची अशी समजूत असते की आपल्याला फक्त नवी डाय (केसला मापात दाबणारा साचा) आणि नवा शेलहोल्डर (केसचे बूड धरून ठेवणारा तुकडा) घ्यायचा आहे. काही काडतुसांच्या बाबतीत ही समजूत जवळजवळ खरी ठरते, तर काहींच्या बाबतीत बाकावरची जवळपास प्रत्येक वस्तू बदलावी लागते. आपण यांपैकी कोणत्या गटात आहोत हे प्रेसच्या, म्हणजे केस डायमध्ये दाबणाऱ्या यंत्राच्या, जाहिरातीवरून कळत नाही, केसच्या मापावरून कळते. म्हणूनच खरेदीच्या आधी केसची लांबी, तिच्या बुडाचा व्यास आणि भरलेल्या काडतुसाची एकूण लांबी हे तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत असा माझा आग्रह आहे.

ही मापे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. .३०८ विंचेस्टरची केस ५१ मिलिमीटर लांब असते, तिच्या बुडाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर असतो आणि भरलेले काडतूस ७१ मिलिमीटरच्या आसपास भरते. .३३८ लापुआ मॅग्नममध्ये हेच आकडे अनुक्रमे ६९, १५ आणि ९३ मिलिमीटरच्या जवळपास जातात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जॉन ब्राउनिंग यांच्या जड मशीनगनसाठी आकाराला आलेल्या .५० बीएमजीमध्ये केस ९९ मिलिमीटर, बूड २०.४ मिलिमीटर आणि भरलेले काडतूस सुमारे १३८ मिलिमीटर असते.

आता डायकडे पाहू. केसला मूळ मापात दाबून आणणारी ही पोलादी नळी प्रेसच्या माथ्यावरच्या आट्यांत फिरवून बसवतात. बाजारातल्या बहुतेक सर्व प्रेसमध्ये या आट्यांचे माप सात अष्टमांश इंच, म्हणजे २२.२ मिलिमीटर व्यासाचे आणि इंचाला चौदा आटे असे ठरून गेलेले आहे. लापुआची १५ मिलिमीटर बुडाची केस या मापाच्या डायमध्ये गेली तरी तिच्या भोवती दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटर पोलाद उरते, आणि तेवढे पुरते. .५० बीएमजीची २०.४ मिलिमीटरची केस त्याच डायमध्ये बसवायची म्हटली तर भिंतीला एक मिलिमीटरसुद्धा उरत नाही, आणि त्यातूनच पुन्हा आटे कापायचे असतात. अशी डाय तयार होणेच शक्य नाही. त्यामुळे .५० बीएमजीसाठी जाड डाय लागते आणि जाड डायसाठी मोठ्या तोंडाची प्रेस लागते.

फसगत होते ती नेमकी याच ठिकाणी, कारण मोठ्या डायचे माप एकच नाही. ली कंपनीच्या .५० बीएमजी डायचे आटे सव्वा इंची आहेत, तर आरसीबीएस आणि हॉर्नडी यांच्या .५० बीएमजी डाय दीड इंची आहेत. आरसीबीएसच्या रॉक चकर या जुन्या आणि लोकप्रिय प्रेसच्या माथ्यातले नेहमीचे बुशिंग, म्हणजे आटे असलेली आतली कडी, काढले की खाली सव्वा इंची आटे मिळतात, पण दीड इंची डाय तिथे बसत नाही. लीच्या क्लासिक कास्ट प्रेसचीही अशीच बुशिंग काढण्याची सोय आहे. डाय एका कंपनीची आणि प्रेस दुसऱ्या कंपनीची घेताना दोन्हींच्या आट्यांचे माप आणि इंचामागे आटे किती हे जुळवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वापरलेले सामान विकत घेताना तर हे अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण विकणाऱ्याला ते माहीत असतेच असे नाही.

आटे जुळले म्हणजे प्रेस चालेलच असेही नाही, कारण पुढचा प्रश्न उंचीचा असतो. गोळी बसवताना ती केसच्या तोंडावर टेकवून उभी ठेवावी लागते, आणि त्या क्षणी .५० बीएमजीची एकूण उंची दीडशे मिलिमीटरच्या पुढे जाते. शेलहोल्डर वर-खाली नेणारा प्रेसचा दांडा पूर्ण खाली आणल्यावर शेलहोल्डर आणि डायचे तोंड यांच्यामध्ये एवढी उंची बाजूने आत सरकेल इतकी मोकळी जागा हवी, आणि दांड्याचा वरचा प्रवास केसच्या पूर्ण लांबीला पुरेल इतका हवा. ही दोन मापे कंपनीच्या माहितीपत्रकात नसतील तर विचारून घ्यावीत. .३३८ लापुआ किंवा .४१६ रिग्बीसाठी चांगली मोठी साधी प्रेस पुरते; .५० बीएमजीसाठी मात्र त्या काडतुसाचे नाव घेऊन बनवलेली प्रेसच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रेसच्या प्रकाराबद्दल फार लिहावे असे मला वाटत नाही. एका खेपेला एकच काम करणारी, बंद चौकटीची, ओतीव लोखंडाची प्रेस घ्यावी. दर ओढीला एक तयार काडतूस देणारी प्रोग्रेसिव्ह प्रेस पिस्तुलाच्या शेकडो काडतुसांसाठी उपयोगाची असते. मोठ्या रायफलचा मालक एका दिवसात वीस-तीस गोळ्या झाडतो आणि त्या प्रत्येकीत अचूकता शोधतो, त्यामुळे त्या वेगाचा त्याला काही उपयोग नाही. उघड्या चौकटीची प्रेस जोर लावल्यावर किंचित फाकते आणि केसचे माप बदलते. मोठी केस दाबायला लागणारा जोर खरोखरच मोठा असतो. मशीनगनमधून उडालेली लष्करी केस तर चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, सैल असल्यामुळे जास्तच फुगलेली असते आणि तिला मापात आणताना प्रेसचे हँडल दोन्ही हातांनी खाली ओढावे लागते. अशा वेळी बाक हलला तर सगळी मेहनत वाया जाते. बाकाची फळी जाड असावी, प्रेस तिच्यातून आरपार बोल्टने आवळलेली असावी आणि अमेरिकी घरात शक्य असल्यास बाक भिंतीतल्या लाकडी खांबांना जखडावा.

केस डायमध्ये जाण्यापूर्वी तिला वंगण लावावे लागते, आणि मोठ्या केसच्या बाबतीत इथे काटकसर चालत नाही. वंगण कमी पडले की केस डायमध्ये अडकते, दांडा खाली ओढताना तिची कड फाटते आणि मग बुडाला भोक पाडून, आटे कापून, स्क्रूने ती ओढून काढावी लागते. लॅनोलिनचे वंगण किंवा बोटाने चोळायचे मेण मला सर्वांत भरवशाचे वाटते. मात्र केस जिथे निमुळती होऊन गोळी धरणाऱ्या मानेला मिळते त्या खांद्याच्या उतारावर वंगण साचले तर तिथे खळगा पडतो, म्हणून ते अंगावर पातळ आणि सर्वत्र सारखे लावावे, आणि मानेच्या आतल्या बाजूला छोट्या ब्रशने किंचित फिरवावे.

डाय केस किती खाली दाबणार, हा प्रश्न खरे तर साधनांपेक्षा मोजमापाचा आहे, आणि मोठ्या काडतुसांत सर्वाधिक चुका इथेच होतात. केस उडाली की ती रायफलच्या चेंबरच्या मापाची होते. तिचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला तर पुढच्या वेळी ती पुन्हा तेवढी ताणली जाते आणि हा ताण प्रत्येक वेळी बुडाच्या थोडा वर, पितळेच्या एकाच पट्ट्यात जमा होतो. काही फेऱ्यांनंतर तो पट्टा पातळ होतो आणि शेवटी केस तिथून दुभंगते. .३३८ लापुआ मॅग्नममध्ये युरोपच्या सीआयपी मानकानुसार दाब ४२० मेगापास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून अधिक जाऊ शकतो. अशा दाबाचा वायू दुभंगलेल्या केसमधून नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर मागे सुटला तर काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही.

ही पातळ झालेली जागा ओळखण्याची एक जुनी आणि उत्तम रीत आहे. एक ताठ, बारीक तार घ्यावी, तिच्या टोकाला काटकोनात अगदी छोटा बाक देऊन ते टोक कानशीने अणकुचीदार करावे. रिकाम्या केसमध्ये ही तार बुडापर्यंत सोडावी आणि टोक आतल्या भिंतीला हलकेच टेकवून सावकाश वर ओढावे. निरोगी केसमध्ये टोक बुडाच्या वळणावरून सरळ वर गुळगुळीत सरकते. केस ताणलेली असेल तर बुडापासून थोड्या अंतरावर तार एका खाचेत अडखळते आणि ती अडखळ बोटांना स्पष्ट जाणवते. मग ती केस चिमट्याने चिरडून भंगारात टाकावी, म्हणजे ती चुकूनही पुन्हा बाकावर येणार नाही. बाहेरून त्याच जागी चकाकणारी कडी दिसू लागली असेल तर तार घालण्याचीही गरज नाही.

तार दोष दाखवते, पण तो होऊ न देण्यासाठी खांद्याची जागा मोजणारा जोड लागतो. तो कॅलिपरच्या जबड्यावर बसवून उडालेली केस आणि डायमधून आलेली केस यांतला फरक पाहायचा असतो. हाताने बोल्ट मागेपुढे ओढायच्या रायफलीसाठी खांदा ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर एवढाच मागे यावा, अशा बेताने डाय बसवावी. .३७५ हॉलंड अँड हॉलंड किंवा .४५८ विंचेस्टर मॅग्नम यांसारख्या काडतुसांना बुडाजवळ पितळेचा पट्टा असतो आणि त्या पट्ट्यावर केस चेंबरमध्ये टेकते; .३७५ सारख्या खांदा असलेल्या केसमध्ये नव्याने शिकणारा माणूस म्हणूनच खांद्याकडे दुर्लक्ष करतो. उडालेल्या केसचा खांदा चेंबरला जुळलेला असताना तो दर वेळी मागे ढकलणे म्हणजे पट्ट्याच्या वरचे पितळ स्वतःच्या हाताने झिजवणे होय. कॅलिपर घेताना एक बारकावा लक्षात ठेवावा: नेहमीच्या १५० मिलिमीटरच्या कॅलिपरमध्ये .५० बीएमजीचे काडतूस नुसते कसेबसे मावते आणि जोड लावला की हालचालीला फार थोडी जागा उरते, म्हणून या काडतुसासाठी २०० मिलिमीटरचाच कॅलिपर घ्यावा.

केस ताणली की लांबही होते, त्यामुळे तिचे तोंड कापून मापात आणणारा ट्रिमर लागतो. .५० बीएमजीची केस बऱ्याच ट्रिमरच्या चौकटीत मावतच नाही, तेव्हा लांबीची मर्यादा आधी पाहावी. केस घासून चमकवणाऱ्या टंबलरबद्दल एवढेच सांगणे पुरे की पन्नास ग्रॅमहून जड केस त्यात एका वेळी फार थोड्या घालाव्यात.

प्रायमर हा या सगळ्या साहित्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत तापट घटक असतो. .३३८ लापुआ, .४१६ रिग्बी आणि .४५८ लॉट या सर्वांना ५.३ मिलिमीटर व्यासाचे मोठे रायफल प्रायमर चालते आणि ते बसवायला हातातले साधे साधन पुरते. .५० बीएमजीचे प्रायमर मात्र ८ मिलिमीटरचे, अगदी वेगळ्या जातीचे असते. सीसीआयचे ३५ क्रमांकाचे प्रायमर त्यांपैकी सर्वांत परिचित. ते नेहमीच्या साधनात बसत नाही आणि ते बनवणाऱ्या कंपन्याही मोजक्याच आहेत. माझा सल्ला असा की .५० बीएमजीची प्रेस मागवण्याआधी ही प्रायमर आपल्या भागात प्रत्यक्ष मिळतात का याची खात्री करावी, कारण त्यांच्यावाचून बाकीचे सर्व सामान नुसते पडून राहील. लष्करी केसच्या प्रायमरभोवतीचे पितळ आत दाबलेले असते. ते रुंदावण्याचे किंवा कापण्याचे वेगळे साधन लागते आणि तेही याच मापाचे हवे. प्रायमर हाताळताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलाच पाहिजे.

पावडर तोलण्याचे एकक ग्रेन आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम आणि एका पौंडात ७००० ग्रेन असतात. .५० बीएमजीला दोनशे ग्रेनहून अधिक पावडर लागते, म्हणजे एका पौंडाच्या डब्यात जेमतेम तीसेक काडतुसे भरतात. खर्चाचा अंदाज बांधताना प्रेसच्या किमतीपेक्षा हा हिशेब अधिक बोलका आहे. साधनांच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की पावडर मापून सोडणाऱ्या अनेक उपकरणांचा ढोल एका वेळी शंभर ग्रेनच्या आसपासच सोडतो. दोन-तीन वेळा सोडून बेरीज करायची म्हटले तर प्रत्येक वेळची चूक तीत मिसळते, आणि मध्येच कोणी हाक मारली तर कितवी खेप चालली होती हेही आठवत नाही. शिवाय मोठ्या काडतुसांना लागणारी सावकाश जळणारी पावडर बहुधा शेवयांच्या चुऱ्यासारखी, लांबट दाण्यांची असते. ती ढोलाच्या कडेवर कापली जाते, दांडा फिरवताना हाताला करकर जाणवते आणि अरुंद फनेलच्या नळीत ती अडून बसते. म्हणून मोठ्या तोंडाचे फनेल घ्यावे, मापाने थोडी कमी पावडर सोडावी आणि उरलेली ट्रिकलरने दाण्यादाण्याने तराजूवर पूर्ण करावी.

तराजू निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्याची क्षमता आपल्या भरणीच्या निदान दुप्पट असावी आणि त्याने एक दशांश ग्रेनपर्यंत फरक दाखवावा. इलेक्ट्रॉनिक तराजू वेगवान असतो, पण तो सुरू करून काही वेळ तापू द्यावा लागतो आणि पंख्याचा वारा, शेजारचा मोबाइल किंवा बाकाची थरथर यांनी त्याचा आकडा सरकतो. दांडीचा तराजू सावकाश चालतो, मात्र त्याला वीज लागत नाही. माझ्या मते दोन्ही असावेत, आणि त्यांच्याबरोबर तपासणीची प्रमाणित वजनेही असावीत, कारण तराजू चुकतो आहे हे त्या वजनांशिवाय कळत नाही. पावडर किती भरायची याचा आकडा मात्र कोणत्याही लेखातून, मित्राकडून किंवा चर्चेतून घेऊ नये. तो पावडर आणि गोळी बनवणाऱ्या कंपन्यांच्या चालू आवृत्तीच्या पुस्तकातूनच घ्यावा, तिथल्या सुरुवातीच्या आकड्यापासून निघावे आणि त्याच्या खालीही जाऊ नये. कमी पावडर म्हणजे अधिक सुरक्षितता हा समज मोठ्या केसच्या बाबतीत चुकीचा आहे, कारण सावकाश जळणारी पावडर अर्धवट भरलेल्या केसमध्ये वेडीवाकडी पेटून दाब अचानक वाढल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

स्वस्त मिळते म्हणून लष्करी काडतुसे मोडून विकलेली पावडर घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी तो मोह टाळावा. त्या पावडरीची जात आणि जळण्याचा वेग छापील माहितीशी जुळतोच याची हमी कोणी देत नाही. .५० च्या जुन्या गोळ्यांपैकी टोकाला रंग लावलेल्या गोळ्यांमध्ये आग लावणारे किंवा मागे प्रकाशरेषा सोडणारे मिश्रण असू शकते. त्या तापवणे, घासणे किंवा टंबलरमध्ये टाकणे जीवावर बेतू शकते आणि कित्येक नेमबाजी मैदानांवर त्यांना बंदीच असते.

गोळी बसवण्याच्या डायमध्ये फारशी गुंतागुंत नाही, पण गोळीचा धक्का मोठा असेल तर एक काळजी घ्यावी लागते. .४५८ लॉटसारख्या रायफलीचा मागे बसणारा धक्का इतका जोरदार असतो की मॅगझिनमधल्या उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुढच्या भिंतीवर आपटून केसमध्ये आत सरकू शकतात, आणि आत सरकलेली गोळी दाब वाढवते. म्हणून तिथे गोळीच्या अंगावरील खोबणीत केसचे तोंड घट्ट मिटवणारी डाय घ्यावी. एकेक काडतूस हाताने भरायच्या .५० च्या रायफलीला त्याची सहसा गरज पडत नाही. काही चुकले तर गोळी परत बाहेर काढण्यासाठी हातोडीसारखे आपटायचे साधन असते, पण त्यात .५० बीएमजी मावत नाही. त्याकरिता प्रेसमध्ये बसणारा, गोळीला पकडून ओढणारा पुलर घ्यावा लागतो, आणि त्याचे आटेही आपल्या प्रेसशी जुळवून पाहावे लागतात.

राहिला प्रश्न साठवणुकीचा, आणि साधनांच्या यादीत त्याचाही समावेश करायला हवा. अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा मानकानुसार घरात २० पौंडांपर्यंत धूररहित पावडर तिच्या मूळ डब्यांत ठेवता येते, आणि त्यापुढे ५० पौंडांपर्यंत ठेवायची असेल तर निदान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात ठेवावी लागते. घरात प्रायमरची मर्यादा १०,००० आहे. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. पावडर लोखंडी तिजोरीत किंवा घट्ट बंद होणाऱ्या जाड धातूच्या पेटीत ठेवणे अनेकांना सुरक्षित वाटते, पण ते नेमके उलटे आहे. मूळ डबा आगीत सहज फुटावा अशा बेताने बनवलेला असतो, म्हणजे आतली पावडर नुसती भडकून जळते; तीच जाड लोखंडात कोंडली तर दाब साठत जातो आणि स्फोट होतो. लाकडी पेटी गॅरेजमधल्या पाणी तापवण्याच्या बंबापासून आणि भट्टीपासून दूर, कोरड्या, कुलूप लागणाऱ्या जागी असावी, प्रायमर तिच्यात न ठेवता वेगळ्या कपाटात असावेत, आणि बाकावर एका वेळी ज्या पावडरीचे काम चालू आहे तेवढा एकच डबा उघडा असावा.